दोऱ्याच्या दुसऱ्या टोकावरून

पहिल्यांदा आयब्रो करायला आलेली मुलगी खुर्चीत बसली की हमखास विचारते, "ताई, दुखतं का?" मी सरळ "हो" म्हणते. काहींचा चेहरा पडतो, कारण त्यांना "छे, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त" असं काहीतरी ऐकायचं असतं. पण एका झटक्यात तीन-चार केस मुळासकट निघणार, तेही डोळ्याच्या अगदी वर, तर दुखणारच.

थ्रेडिंगच्या तोट्यांबद्दलचं बहुतेक बोलणं या दुखण्यापाशीच सुरू होतं आणि तिथंच संपतं. मी बरीच वर्षं दोरा चालवते आहे. माझ्या मते दुखणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ तोटा. खुर्चीतून उठून आरशात पाहिलं की ते विसरायला होतं. जे खरोखर नुकसान करतं ते बहुतेक वेळा दुखत नाही, त्या दिवशी दिसतही नाही. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी दिसतं, आणि तोवर त्याचा संबंध दोऱ्याशी जोडायचं कुणाला सुचत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दुखण्याचं आधी उरकून टाकते. कपाळ, भुवई आणि वरची पापणी या भागाची जाणीव मेंदूपर्यंत नेणारी नस एकच आहे, ट्रायजेमिनल नावाच्या मोठ्या नसेची वरची शाखा. डोळ्याची आणि नाकाच्या आतल्या काही भागाची खबरही तीच नेते. म्हणून भुवईचा केस ओढला की डोळ्यातून पाणी येतं आणि काही जणींना शिंका येतात. माझ्याकडे एक काकू येतात, त्यांना डाव्या भुवईला काही होत नाही, उजवीला दोरा लागला की पाठोपाठ शिंका. आम्ही दोघी आता ठरवून थांबतो, कारण दोरा लावलेला असताना डोकं हललं की कातडी चिमटलीच म्हणून समजा. पाळीच्या आधीच्या दिवसांत दुखणं जास्त जाणवतं असं बऱ्याच जणी सांगतात. लाली येते ती कुणाची अर्ध्या तासात जाते, कुणाची संध्याकाळपर्यंत राहते. गोऱ्या आणि नाजूक कातडीवर ती जास्त उठून दिसते. एवढंच. लग्न, मुलाखत, फोटो असं काही असेल तर निदान दोन-तीन दिवस आधी या, आदल्या संध्याकाळी धावत येऊ नका, इतकं पाळलं तर लालीचा प्रश्न मिटतो.

आता तोंडातला दोरा.

दोरा चालतो कसा हे ज्यांनी फक्त खालून, डोळे मिटून अनुभवलंय त्यांच्यासाठी सांगते. सुती दोऱ्याला मधोमध पीळ दिलेला असतो. एका बाजूची बोटं उघडली की तो पीळ दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि सरकताना वाटेतले केस त्यात अडकून उपटले जातात. हे साधायला दोऱ्याची तीन ठिकाणी पकड लागते. दोन पकडी हातांत. तिसरी कुठे? बहुतेक ठिकाणी दातांत.

दातांत दोरा धरून काम करणारीच्या तोंडात लाळ सुटते. दोरा ओला होतो. तो ओला भाग पुढेमागे सरकत हातापर्यंत येतो, आणि नुकतेच केस उपटल्यामुळे उघड्या पडलेल्या बारीक छिद्रांवरून फिरतो. ओठांवर पाण्याचे फोड उठवणारा हर्पीसचा विषाणू लाळेतून येतो, आणि फोड नसतानाही तो अधूनमधून लाळेत असू शकतो. म्हणजे करणारीच्या ओठावर काही दिसत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आणि हाच विषाणू डोळ्याच्या बुबुळापर्यंत गेला तर दृष्टीवर बेततं. दरवेळी असं होतं का? नाही, क्वचित होतं. पण टाळणं इतकं सोपं असताना ते क्वचितही का होऊ द्यायचं, हे मला कळत नाही.

मला ज्यांनी शिकवलं त्या बाई पहिल्या दिवसापासून दोरा गळ्यात अडकवायला लावायच्या. दोऱ्याचा मोठा फास मानेमागून घ्यायचा, ताण मानेवर, तोंड मोकळं. सुरुवातीला हे फार अवघड जातं, कारण मान किती मागे न्यायची याचा अंदाज दातांइतका पटकन येत नाही. काही जणी दोऱ्याची गोल वेटोळी करून नुसत्या हातांवरही काम करतात. ती पद्धत सावकाश चालते, पण स्वच्छ आहे. तुम्ही खुर्चीत बसल्यावर करणारी बाई दोरा दातांत धरताना दिसली तर "गळ्यात अडकवून करता का?" असं विचारायला काहीच हरकत नाही. येत असेल तर ती करेल. येत नसेल तर तेही कळेल. आणि रीळ तुमच्यासमोर उलगडून नवा दोरा तोडला जातोय, की आधीच्या बाईच्या भुवईवरचा तुकडाच पुढे चाललाय, हेही नीट पाहून घ्या.

अर्थात सगळं खापर आमच्या तोंडावर फोडू नका. सुमारे ३०% निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जिवाणू आरामात राहत असतात आणि तिथून ते हातांवर येतात. आता खुर्चीतलं दृश्य पाहा. गिऱ्हाईक आत येतं ते मोबाइल हातात घेऊन. मी म्हणते कातडी ताणून धरा, तर त्याच बोटांनी धरणार. काम झालं की आरशात बघत पुन्हा त्याच बोटांनी भुवईखालून हात फिरवणार, "किती छान गुळगुळीत झालं!" मी हात धुऊनच बसायला सांगते, बऱ्याच जणींना ते चमत्कारिक वाटतं. पावडर लावायचा पफ ही आणखी एक जागा. एकच पफ सकाळपासून सगळ्यांच्या कपाळावरून फिरतो आणि पुन्हा डब्यात जातो. मी पफ कधीच सोडला, पावडर थेट स्वच्छ कापसाच्या बोळ्यावर घेते आणि बोळा फेकून देते. छोटी कात्री आणि भुवया विंचरायचा ब्रश दर गिऱ्हाइकानंतर पुसले-धुतले जातात का, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

हे सगळं बिघडलं की काय होतं? बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी बारीक लाल पुळ्या येतात, कधी टोकाला पिवळा पू. बऱ्याचशा आपोआप बसतात. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा ठेवायचा, मेकअप लावायचा नाही आणि हात लावायचा नाही, बस्स. पण एखादी पुळी वाढून ठणकणारा केसतोड होतो, आणि इथं मला आवाज चढवून सांगावंसं वाटतं: भुवईवरचा किंवा नाकाशेजारचा केसतोड नखांनी फोडू नका. या भागातल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात, आणि पिळून आत ढकललेला संसर्ग त्या वाटेने जाऊ शकतो. पापणी सुजून डोळा उघडेना, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

पुळ्या निदान लगेच दिसतात. चामखिळींचं तसं नाही.

एक कॉलेजातली मुलगी नेहमी यायची. एकदा दिव्याखाली तिच्या डाव्या भुवईच्या वर मला चार-पाच बारीक, चपटे, कातडीच्याच रंगाचे उंचवटे दिसले. बोटाला लागतील इतकेच, एरवी दिसले नसते. चपट्या चामखिळी असाव्यात असा मला संशय आला. मी म्हटलं, आज नको, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. तिला दुसऱ्या दिवशी कुठेसं जायचं होतं, ती रागावून गेली आणि दुसरीकडे करून घेतलं. दोन-अडीच महिन्यांनी आली तेव्हा भुवईच्या कडेने, जिथून दोरा फिरतो अगदी त्या रेषेत, ओळीने उंचवटे होते. काही दुसऱ्या भुवईवरही.

चामखिळी एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. तो कातडीच्या सूक्ष्म ओरखड्यांतून आत शिरतो, आणि थ्रेडिंग म्हणजे सूक्ष्म ओरखड्यांची ओळच. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. तोवर तुम्ही दोन-तीनदा आयब्रो करून आलेल्या असता, कदाचित वेगवेगळ्या ठिकाणी. कुणाच्या दोऱ्यातून आलं हे कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे कुणी तक्रार करायला येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून पार्लरवालीला वाटतं आपल्याकडे असं काही होतच नाही. मोत्यासारखे गोल, मधे खळी असलेले मोलस्कम या विषाणूजन्य आजाराचे फोडही असेच एका जागेवरून दुसरीकडे पसरतात. म्हणून माझा नियम साधा आहे. भुवईच्या आसपास मला ओळखता न येणारं काहीही उठलेलं असेल, तर दोरा लावायचा नाही. गिऱ्हाईक तुटतं कधीकधी. तुटू दे.

काळ्या डागांची तक्रार मात्र येते, आणि भरपूर येते. सावळ्या आणि गव्हाळ कातडीला जरा कुठे इजा झाली, सूज आली, की ती बरी होताना जास्त रंग तयार करते. जखम आठवड्यात बुजते, डाग महिनोन्महिने राहतो. दोऱ्याने असा डाग पडतो तो मुख्यतः कातडी पिळात सापडल्यामुळे. वरच्या पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती ढिली राहिली तर केसाबरोबर तीही पिळात शिरते, बारीक काप जातो, खपली धरते, खपली निघते आणि तिथं तपकिरी रेघ उरते. वयानुसार पापणीची कातडी सैल होत जाते, म्हणून पन्नाशीपुढच्या बायकांना हे जास्त होतं.

कातडी ताणणं हे गिऱ्हाइकाचं काम. एक हात भुवईच्या वर, दुसरा पापणीवर, आणि दोन्ही विरुद्ध दिशांना ओढलेले. मोबाइल आल्यापासून एक हात कायम त्यात गुंतलेला असतो. मधेच मेसेज वाजतो, नजर वळते, ताण सुटतो. मी आता मोबाइल बाजूला ठेवल्याशिवाय दोरा उचलत नाही. काही जणींना मी खडूस वाटते, वाटू दे. नंतरच्या दोन दिवसांत उन्हात जाताना टोपी किंवा छत्री घ्या हेही मी सांगते. ऐकतं कुणी फारसं नाही.

कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस नावाचा खाजरा त्वचाविकार असलेल्यांसाठी ही इजा आणखी वेगळी गोष्ट ठरते. कातडीला जिथं खरचटतं तिथंच या आजाराचा नवा डाग उमटू शकतो. हाइनरिश कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८७० च्या दशकात सोरायसिसमध्ये हे टिपलं, आणि तेव्हापासून त्याच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. भुवया कोरल्यानंतर त्या रेषेवर कोड उमटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कोडाचे डाग वाढत असण्याचा काळ असेल तर चेहऱ्यावर दोरा, वॅक्स, चिमटा काहीच नको. वाढलेले केस छोट्या कात्रीने वरच्यावर कापले तरी भुवई नीटनेटकी दिसते.

औषधांबद्दल विचारलं की बहुतेक जणी "काही नाही" म्हणतात. मग मी विचारते, "रात्री तोंडाला काय लावतेस?" तेव्हा निघतं. रेटिनॉल, अडॅपलीन, ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं सीरम. त्यांच्या लेखी ती औषधं नसतात, क्रीमं असतात. या सगळ्यांनी कातडीचा वरचा थर नाजूक होतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कातडी इतकी हळवी होते की त्या काळात आणि गोळ्या थांबवल्यावर ६ महिने वॅक्सिंग करू नये अशी सूचना असते. दोरा वॅक्ससारखा कातडीचा थर ओढून काढत नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तरी या गोळ्यांवर असलेल्या मुलीला मी डॉक्टरांना विचारून यायला सांगते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पापणीवर निळे-काळे डाग येऊ शकतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर साधी पुळीही चिघळू शकते. आणि काम झाल्याबरोबर वर जे सुगंधी जेल थापलं जातं त्याची मला गरज वाटत नाही. उघड्या छिद्रांवर सुवासिक काहीतरी लावायचं आणि मग खाज आली की दोऱ्याला नावं ठेवायची. गार पाण्याचा कापूस पुरतो. त्या रात्रीपुरतं सीरमलाही सुट्टी द्यावी.

आता केसांबद्दल, जे खरं तर या सगळ्याचं मूळ कारण आहे.

"ताई, आठ दिवसांत परत आले हो!" ही तक्रार मी आठवड्यातून कितीदा ऐकते याची गणती नाही. उपटलेला केस आठ दिवसांत परत येत नाही. भुवईचा केस डोक्याच्या केसापेक्षा फार वेगळा आहे. डोक्याचा केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो. भुवईचा साधारण ४ ते ८ आठवडेच वाढतो आणि मग बराच काळ नुसता विश्रांती घेत बसतो, पूर्ण फेरा जवळपास चार महिन्यांचा. म्हणजे आज कातडीवर दिसतायत तेवढेच केस निघतात. बाकीचे आत असतात, आपली पाळी आली की बाहेर येतात. आठ दिवसांत दिसतात ते एक तर हे नवे असतात, नाही तर करणारीने मुळासकट न काढता मधेच तोडलेले. बोट फिरवल्यावर टोचत असेल तर तुटलेले. हे तुटलेले जास्त त्रासदायक, कारण त्यांचं टोक कधीकधी कातडीखालीच वळतं आणि तिथं गाठ धरते. दोरा ढिला असला, घाईत उलटसुलट फिरवला, किंवा केस फारच आखूड असताना खेचला की केस तुटतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी आलेलीला मी परत पाठवते. तीन-चार आठवडे तरी जाऊ द्यावेत.

पण त्याहून मोठं नुकसान होतं ते खुर्चीत बसून आरसा मागितल्यावर. "इकडची जरा जाड वाटतेय ना?" मग इकडचे दोन. "आता तिकडची." मग तिकडचे दोन. हा खेळ संपत नाही, कारण दोन भुवया मुळात सारख्या नसतातच. बहुतेकांच्या कपाळाचा एक बाजूचा स्नायू दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतो, त्यामुळे एक भुवई किंचित वर असते. केस काढून स्नायू खाली येत नाही. शिवाय खुर्चीत मान मागे टाकलेली असते, तेव्हा दिसणारा आकार आणि उभं राहिल्यावर दिसणारा आकार वेगळा. मी शेवटचा निर्णय कायम गिऱ्हाइकाला उभं करून, चेहरा सैल सोडायला सांगून घेते.

तेच तेच केस वर्षानुवर्षं उपटत राहिलं की काही मुळं दमतात. आधी केस बारीक येतो, मग फिकट, मग येतच नाही. वॅक्स, चिमटा, दोरा, कशानेही उपटा, मुळाला फरक कळत नाही. १९९० च्या दशकात रेघेसारख्या भुवयांची फॅशन होती, तेव्हा तरुण असलेल्या कित्येक जणी आज पेन्सिल घेऊन बसतात. त्यांना "आता वाढवा" म्हणणं सोपं आहे, पण कुठून वाढवणार? याउलट मुळं शाबूत असतील तर भुवई भरते, फक्त धीर लागतो. पहिले केस परत दिसायला सहा-आठ आठवडे, आणि पूर्ण आकार यायला चार महिने, कधी वर्षही. सगळ्यात कठीण असतो दुसरा महिना, जेव्हा पापणीवर सगळीकडे विस्कटलेले तुरळक केस दिसतात आणि कुणीतरी म्हणतं, "काय गं, आयब्रो नाही केल्यास?" नव्वद टक्के निश्चय तिथंच गळतो, असं माझं निरीक्षण.

जाता जाता एक गंमत. भुवया म्हणजे नुसती नटण्याची गोष्ट असं मानणाऱ्यांसाठी. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. लोकांना भुवया नसलेले चेहरे ओळखणं जास्त जड गेलं. तेव्हा फार कोरून घ्याल तर ओळखीचेही चार पावलं पुढे निघून जातील.

आणि एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. भुवई विरळ होण्याला दर वेळी दोराच कारणीभूत नसतो, पण दोरा ते झाकून ठेवतो. थायरॉइडचं काम मंदावलं की भुवईचं बाहेरचं एक-तृतीयांश टोक विरळ होऊ शकतं. चाई असू शकते. काही प्रकारच्या कुष्ठरोगात भुवया झडतात. आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसणारा एक प्रकार आहे, फ्रंटल फायब्रोझिंग अ‍ॅलोपेशिया, ज्याचं वर्णन ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये केलं. त्यात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, आणि भुवया कधीकधी त्याच्याही आधी जातात. तिथं मुळं कायमची बंद होतात, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. पण दर महिन्याला भुवई कोरून घेणारीला "शेपूट कमी झालंय" हे जाणवलं तरी ती म्हणते, पार्लरवालीने जास्त काढले असतील.

माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत मला हे खटकलं होतं. मी तिच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला कधीच हात लावत नसे, कारण मुळातच ते नाजूक होतं. तरी दोन-तीन खेपांत ते आणखी विरळ झालेलं दिसलं. तिला विचारलं तर म्हणाली थकवा आहे, वजन वाढलंय, थंडी सोसवत नाही. मी तपासणी करून घ्यायला सांगितलं. थायरॉइड निघालं. यात माझी हुशारी काही नाही. तुमच्या भुवया दर महिन्याला इतक्या जवळून पाहणारी व्यक्ती एकच असते, आणि दर वेळी वेगळ्या पार्लरमध्ये गेलात तर तीही नसते.

आता दोऱ्याचं माझ्या बाजूचं टोक. तोटे मोजायचे तर इथलेही मोजायला हवेत. दिवसभर मान वाकवून, खांदे उचलून उभं राहायचं, आणि अंगठा व तर्जनी हजारो वेळा उघड-मीट करायची. माझं उजवं मनगट रात्री मुंग्या येऊन जागं करतं. तर्जनीच्या पेरावर दोऱ्याने पडलेली आडवी चीर हिवाळ्यात भरतच नाही, आणि उघडी चीर असलेल्या बोटाने कुणाच्या पापणीजवळ जायचं नाही म्हणून पट्टी लावून काम करते. दातांत दोरा धरणाऱ्यांच्या पुढच्या दाताला खाच पडते, शिंप्यांना सुई-दोरा दातांत धरून पडते तशीच. गळ्यातला दोराही काही मऊ नसतो. मान लाल होते, उन्हाळ्यात घामाने चरचरते. मी आता दोऱ्याखाली पातळ रुमाल बांधते.

हाताखाली शिकायला मुली येतात. पहिले काही दिवस कुणाच्याही चेहऱ्याला हात लावायचा नाही, दोरा स्वतःच्याच पोटरीवर चालवायचा. तिथली कातडी जाड, केस राठ, आणि दुखलं तर आपलंच. मी त्यांना एक चौकोन आखून देते आणि दुसऱ्या दिवशी तो मला दाखवायला सांगते. जिथं लाल गाठ दिसते तिथं केस तुटलेला असतो, जिथं रेघ उमटते तिथं कातडी सापडलेली. चौकोन कोरा निघेपर्यंत पोटरी बदलत राहायची. परवा एकीने विचारलं, "ताई, दोन्ही पोटऱ्या संपल्या, आता?" म्हटलं, हातावर ये.